परदेशातल्या लग्नाच्या शूटसाठी वर्क परमिट: थायलंडपासून अमेरिकेपर्यंत कुठली व्यवस्था वापरण्याजोगी?

लग्न फुकेतला, नवरा-नवरी पुण्याचे, कोटेशन पुण्यात ठरलं आणि ॲडव्हान्सही पुण्याच्याच खात्यात जमा झाला. तरीही मुहूर्ताच्या वेळी मांडवात कॅमेरा घेऊन उभा असलेला फोटोग्राफर थायलंडमध्येच काम करत असतो. पैसे भारतात घेतले म्हणजे काम भारतातलं, हा आपल्या धंद्यातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. काही देश पैसा कुठून आला हे पाहतात, काही देशांना त्याच्याशी देणंघेणं नसतं, काम कुठल्या जमिनीवर झालं एवढंच ते बघतात. हा फरक नीट कळला की परवान्यांचा निम्मा गुंता सुटतो.

हे परीक्षण पाच ठिकाणच्या व्यवस्थांचं आहे: थायलंड, सिंगापूर, ब्रिटन, अमेरिका आणि दुबई. मोजमाप सगळीकडे एकच ठेवलं आहे: भारतीय पासपोर्ट, तीन ते सहा जणांची टीम, तीन-चार दिवसांचं लग्न. जाहिरातीच्या मोठ्या शूटला वेगळे नियम लागतात, त्यांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

सुरुवात थायलंडपासून, कारण फुकेत, हुआ हिन, पट्टाया इथे भारतीय लग्नं भरपूर होतात आणि सगळ्यात जास्त बेफिकिरीही तिथेच दिसते. परदेशी माणसांच्या कामाबद्दलचा तिथला कायदा २०१७ चा, त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. त्या कायद्यात काम म्हणजे व्यवसाय करणं, मालक असो वा नसो. त्यामुळे 'मला इथं कुणी नोकरीला ठेवलेलं नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. परवान्याशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि मायदेशी रवानगी, तर काम देणाऱ्याला माणशी १०,००० ते १,००,००० बाट दंड. दुसरा आकडा नीट लक्षात ठेवा. रिसॉर्टशी आणि प्लॅनरशी बोलताना तोच उपयोगी पडतो, कारण धोका त्यांच्याही डोक्यावर आहे.

नेहमीचा थाई वर्क परमिट चार दिवसांच्या लग्नासाठी विचारात घेण्यासारखा नाही. सर्वसाधारण नियमानुसार तिथल्या कंपनीला एका परदेशी माणसामागे २० लाख बाट भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. आपल्या उपयोगाची सोय वेगळी आहे: तातडीच्या आणि आवश्यक कामाची नोंद. ती १५ दिवसांसाठी मिळते आणि आणखी १५ दिवस वाढवता येते. जुन्या फॉर्मच्या नावावरून तिथले प्लॅनर तिला अजूनही डब्ल्यूपी १० म्हणतात. अशा कामांच्या सरकारी यादीत यंत्रदुरुस्ती, अंतर्गत लेखापरीक्षण यांच्या बरोबरीने चित्रपटाचं चित्रीकरण आणि स्थिरचित्रण यांचाही उल्लेख आहे. म्हणजे फोटोग्राफरला ही सोय मागच्या दाराने मिळत नाही. त्याचा व्यवसाय यादीत लिहिलेला आहे.

कागद फार नाहीत. पासपोर्टची प्रत, प्रवेशाचा शिक्का असलेलं पान, फोटो, स्थानिक कंपनीची नोंदणीपत्रं, आणि काम काय, कुठे, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत आणि तातडी का, हे सांगणारं त्या कंपनीचं पत्र. अडचण येते ती शिक्क्याच्या पानापाशी. ते पान देशात उतरल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे नोंद उतरल्यानंतरची. आता आपल्या लग्नाचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा: शुक्रवारी रात्री विमान उतरतं, शनिवारी सकाळी मेंदी, संध्याकाळी संगीत, रविवारी लग्न. शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्या बंद. मग कुणीतरी म्हणतं, 'सोमवारी करून टाकू', आणि सोमवारी टीम परतीच्या विमानात असते. यावर उपाय एकच: निदान मुख्य शूटर आणि सिनेमॅटोग्राफर यांनी बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी पोचायचं. दोन रात्रींचा जादा खोलीखर्च कोटेशनमध्ये पहिल्यापासून धरायचा. थाई सणांच्या सुट्ट्याही तारखांशी ताडून पाहायच्या. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रानच्या वेळी सगळा देश सुट्टीवर असतो.

दुसरी चूक पत्रातल्या शब्दांची. आठ महिने आधी ठरलेलं लग्न 'तातडीचं' कसं, हा प्रश्न अधिकारी विचारू शकतो. तातडी लग्नाची नसते, कामाच्या ठरलेल्या तारखेची असते. समारंभ अमुक दिवशी एकदाच होणार आहे, तो पुन्हा करता येत नाही, आणि त्या दिवसांपुरतंच काम आहे, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं हवं. 'फोटोग्राफी सर्व्हिसेस' एवढंच लिहिलेलं मोघम पत्र अडकतं. प्रत्येकाचं काम वेगळं लिहा: मुख्य छायाचित्रकार, सहायक छायाचित्रकार, व्हिडिओ कॅमेरामन, प्रकाशयोजना सहायक. नोंद एका जागेची आणि शूट दुसऱ्या बेटावर, असंही होऊ देऊ नका. प्री-वेडिंगसाठी क्राबीला जायचं असेल तर ते आधीच पत्रात घाला.

पत्र देणार कोण, हा तिसरा आणि खरा कळीचा मुद्दा. रिसॉर्ट, थाई वेडिंग प्लॅनर किंवा तिथलं प्रॉडक्शन हाऊस यांपैकी कुणीतरी थायलंडमध्ये नोंदलेली कंपनी हवी. भारतातला प्लॅनर कितीही मोठा असला तरी त्याच्या लेटरहेडचा इथे उपयोग नाही. म्हणून नवरदेवाच्या घरी कोटेशन पाठवायच्या आधीच रिसॉर्टच्या इव्हेंट विभागाला एक ओळीचा प्रश्न विचारा: बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकारांसाठी रोजगार कार्यालयात नोंद करून देता का? उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर ते काम करून देणारी थाई कंपनी शोधायला तुमच्या हातात अजून महिने असतात. थायलंडमध्ये शिरण्यासाठी कुठला व्हिसा योग्य, हेही त्याच कंपनीकडून लेखी घ्यावं. कामासाठीचा म्हणून असलेला नॉन-इमिग्रंट बी हा सगळ्यात निर्धोक. १ मे २०२५ पासून प्रवेशाआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. त्यात प्रवासाचा हेतू विचारतात. तिथे एक आणि नोंदीच्या कागदात दुसरंच, असं करू नका.

एवढं असूनही थायलंडची सोय आम्ही चांगली मानतो. ती अस्तित्वात आहे, आपल्या व्यवसायासाठी आहे, आणि चार-पाच दिवसांच्या कामाला साजेशी आहे. तिचं दुखणं कायद्यात नाही. आपण ती वापरतच नाही, हे तिचं दुखणं.

सिंगापूरची व्यवस्था यापेक्षाही सुटसुटीत आहे, पण ती लग्नाच्या फोटोग्राफरला नेमकी दारात सोडते. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने काही कामं वर्क पासमधून मोकळी ठेवली आहेत. त्यांत लोकेशन फिल्मिंग आणि फॅशन शो आहेत आणि त्यासाठी येणाऱ्या छायाचित्रकाराचा उल्लेखही आहे. इमिग्रेशन पार करून देशात शिरल्यावर आणि काम सुरू करण्याआधी ऑनलाइन सूचना द्यायची. फी नाही, खिडकी नाही, शनिवार-रविवारची अडचण नाही. एका वर्षात अशी कामं मिळून ९० दिवसांची मर्यादा. फॅशन शूटसाठी जाणाऱ्याला याहून चांगली सेवा कुठे मिळेल असं वाटत नाही. पण सेंटोसातलं खासगी लग्न म्हणजे लोकेशन फिल्मिंग नव्हे. लग्नाला त्या रकान्यात कोंबून सूचना पाठवणारे आहेत. तसं करू नका. सूचना पाठवली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, काम यादीत बसायला लागतं. वैध पासशिवाय स्वतःचा धंदा करणाऱ्या परदेशी माणसाला २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सिंगापूरच्या लग्नाला आमचा सरळ सल्ला: शूट स्थानिक स्टुडिओला द्या, आणि तुम्हाला शैली सांभाळायची असेल तर एडिटिंग, रंगसंस्कार आणि अल्बम भारतात तुमच्याकडे ठेवा. हे काम भारतात बसूनच होतं.

ब्रिटनमध्ये प्रश्न पैशाच्या दिशेने फिरतो. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथल्या साध्या व्हिजिटर व्हिसातच काही ठरावीक सशुल्क कामं करता येतात. अटी अशा: काम प्रवासाआधी ठरलेलं हवं, व्हिसाच्या अर्जात सांगितलेलं हवं, लेखी निमंत्रण हवं, आणि पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत ते उरकायला हवं. व्यावसायिक कलाकाराला ही मुभा आहे, पण निमंत्रण ब्रिटनमधल्या कला वा मनोरंजन क्षेत्रातल्या संस्थेचं, एजंटचं किंवा प्रसारकाचं लागतं. एखाद्या गॅलरीने प्रदर्शनाशी जोडलेल्या कामासाठी बोलावलं तर दार उघडं आहे. लेस्टरच्या काकांनी पुतणीच्या लग्नासाठी बोलावलं तर नाही. काका म्हणजे कला संस्था नव्हे.

तिथे आणखी एक वाट आहे: परदेशात निर्माण झालेल्या आणि परदेशी पैशावर चाललेल्या चित्रपटाच्या, कार्यक्रमाच्या किंवा इतर माध्यम-आशयाच्या लोकेशन शूटसाठी येणारा क्रू. मराठी चित्रपटाचं लंडनमधलं गाणं यात छान बसतं. पण नियम क्रू परदेशी कंपनीने 'नोकरीवर ठेवलेला' असावा असं म्हणतो. आपल्याकडे बहुतेक कॅमेरामन आणि फोकस पुलर रोजावर येतात, त्यांच्याकडे नेमणूकपत्र नसतं. अर्जाबरोबर निर्मात्या कंपनीचं कालावधी, पद आणि मोबदला लिहिलेलं करारपत्र जोडा. 'फ्रीलान्सर' एवढंच लिहून पाठवलेला अर्ज प्रश्नांना आमंत्रण देतो. या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी क्रिएटिव्ह वर्कर हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा आहे. त्याला परवानाधारक ब्रिटिश प्रायोजक आणि त्याचं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. एका लग्नासाठी एवढी उठाठेव क्वचितच कुणी करील.

अमेरिकेबद्दल सगळ्यात जास्त ऐकीव माहिती फिरते, म्हणून जरा सविस्तर. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या नियमपुस्तिकेत छायाचित्रकाराची नोंद स्पष्ट आहे: छायाचित्रं काढण्यासाठी बी-१ या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर येता येतं, अट एवढीच की अमेरिकेतल्या स्रोताकडून उत्पन्न मिळता कामा नये. मुंबईच्या कॅलेंडर कंपनीने ग्रँड कॅन्यनचे फोटो काढायला पाठवलं आणि पैसे मुंबईतून दिले, तर हे बसतं. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने मुलाच्या लग्नासाठी बोलावलं आणि पैसे तिथूनच आले, तर बसत नाही. ते पैसे आधी मुलाच्या नाशिकच्या आजोबांच्या खात्यावर पाठवायचे आणि आजोबांनी फोटोग्राफरला द्यायचे, ही युक्ती कुणी सुचवली तर तिथल्या तिथे नाही म्हणा. स्रोत बदलत नाही, फक्त खोटं बोलल्याची नोंद तयार होते, आणि व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचा ठपका आयुष्यभर पाठ सोडत नाही.

दुसरी गोष्ट, ही सवलत फोटो काढणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. वेडिंग फिल्म बनवणारा सिनेमॅटोग्राफर तिच्यात आपोआप शिरत नाही. एकाच टीमला एकच पत्र देऊन सगळ्यांचा बी-१ मागणं हे त्यामुळेच चुकीचं ठरतं. मुलाखतीला जाताना भारतीय क्लायंटचा करार, मोबदला भारतात मिळणार असल्याची ओळ, कामाच्या जागा आणि परतीची तारीख सोबत ठेवा. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात 'पर्यटन' लिहून आणि खिडकीवर 'शूट' सांगून स्वतःची अडचण करू नका.

अमेरिकन क्लायंटकडून पैसे घ्यायचे असतील तर कलाकारांसाठी ओ-१ हा व्हिसा आहे. यात स्वतः अर्ज करता येत नाही, अमेरिकेतला मालक किंवा एजंट आय-१२९ हा अर्ज भरतो. वेगवेगळ्या शहरांतल्या अनेक क्लायंटसाठी एकच एजंट अर्ज करू शकतो, आणि फोटोग्राफरसाठी हाच सोयीचा मार्ग. त्याबरोबर त्या क्षेत्रातल्या संघटनेचं वा जाणकारांचं सल्लापत्र, सगळ्या कामांची तारीखवार यादी आणि करार लागतात. मोठं नामवंत पारितोषिक नसेल तर सहा निकषांपैकी निदान तीन पुराव्यांनिशी दाखवावे लागतात: नावाजलेल्या निर्मितीतली प्रमुख भूमिका, तुमच्याविषयी छापून आलेलं लेखन, नामांकित संस्थांसाठीचं महत्त्वाचं काम, यशाचा लेखाजोखा, जाणकारांची मान्यता, आणि इतरांपेक्षा जास्त मानधन. इन्स्टाग्रामचे फॉलोअर या यादीत नाहीत. मराठीत छापून आलेला लेख मात्र चालतो, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं. दिवाळी अंकात मुखपृष्ठ आलं असेल, वृत्तपत्राच्या पुरवणीने कामावर लिहिलं असेल, तर ती कात्रणं जपून ठेवा. ओ-१ सुरुवातीला तीन वर्षांपर्यंतचा मिळतो. वर्षाला चार-पाच अमेरिकन लग्नं पक्की असतील तरच त्याचा वकिली खर्च परवडतो.

दुबईला दोन परवाने लागतात आणि लोक एकाच्याच मागे असतात. कामगाराचा परवाना वेगळा, चित्रीकरणाचा वेगळा. व्यावसायिक शूटची परवानगी तिथलं सरकारी चित्रपट कमिशन देतं आणि अर्ज तिथल्या परवानाधारक प्रॉडक्शन कंपनीमार्फत करावा लागतो. फिल्मिंगचा परवाना हातात आहे म्हणून टीमला काम करायची मुभा मिळाली, असं नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय कामावर ठेवणाऱ्याला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, त्यामुळे चांगली हॉटेलं आता टीमची नावं आणि परवाने आधीच मागतात. कुणी मागितले तर रागावू नका, ते तुमचंही रक्षण करत आहेत. शिवाय संयुक्त अरब अमिरातीत माणसाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो काढणं हा खासगीपणाचा गुन्हा ठरू शकतो आणि दंड दीड लाख दिरहमपासून सुरू होतो. लग्नातल्या पाहुण्यांसाठी दारावर सूचना लावायला आणि यजमानांकडून लेखी संमती घ्यायला विसरू नका. हॉटेलच्या लॉबीतली अनोळखी माणसं रीलमध्ये नकोतच.

आता टीममधल्या ज्या माणसाचा विचार शेवटी केला जातो त्याच्याबद्दल. लाइटमन किंवा सहायक दहावी झालेला नसेल तर त्याचा पासपोर्ट बहुधा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीसाठी देश सोडताना तपासणी लागणारा) प्रकारचा असतो. नोकरीसाठी जाताना ज्या १८ देशांकरिता अशा पासपोर्टधारकाला भारत सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते, त्यांत थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि संयुक्त अरब अमिराती आहेत. कामाचा व्हिसा काढला आणि ही मंजुरी नाही, तर त्याला मुंबईच्या विमानतळावरच थांबवतील. टीम ठरवतानाच सगळ्यांच्या पासपोर्टची पानं बघून घ्या. सहा महिन्यांची मुदत सगळेच तपासतात, ईसीआरचा शिक्का कुणी बघत नाही.

सामानाची बाजू. एटीए कार्नेट म्हणजे परदेशात तात्पुरत्या नेलेल्या सामानाचा, कस्टम्सला दाखवायचा कागद. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते. एक वर्षापर्यंत वैध, आणि परदेशात तात्पुरत्या नेलेल्या उपकरणांवर तिथे आयातशुल्क भरावं लागत नाही. यादीत प्रत्येक बॉडी, लेन्स, फ्लॅश, गिंबल यांचा अनुक्रमांक, वजन, किंमत आणि मूळ देश लिहायचा. कार्नेट निघाल्यावर यादीत एकही वस्तू वाढवता येत नाही, म्हणून ऐनवेळी भाड्याने आणलेली ७०-२०० लेन्स त्यात बसत नाही. दोनपैकी एक बॉडी दुरुस्तीला गेली आणि तशीच दुसरी उचलली, तर क्रमांक जुळत नाही आणि अधिकारी अडवतो. निघताना भारतीय कस्टम्सचा शिक्का पिवळ्या पानावर घ्यायलाच हवा. पहाटेच्या विमानासाठी धावपळीत तो राहतो आणि मग परतताना सगळं सामान नवं आणलेलं वाटतं. कार्नेटसाठी भरलेली सुरक्षेची रक्कम अडकून पडते, हा खर्चातला न दिसणारा भाग. टीम लहान आणि सामान एक-दोन बॉडींचं असेल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलं की निदान परतीची चिंता मिटते.

कार्नेट आणि परमिट यांचं एक नातं फार कमी लोक सांगतात. कार्नेटवर 'व्यावसायिक उपकरणं' असं लिहिलेलं असतं. ते दाखवून पुढच्या खिडकीवर 'फिरायला आलो' म्हणणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगणारे हवेत.

व्हिसा एजंटकडे जाणार असाल तर त्याला तीन प्रश्न विचारा: नोंद किंवा परमिट कुठल्या कायद्याखाली निघणार, त्यावर कुणाचं नाव असणार, आणि मूळ कागद माझ्या हातात कधी येणार. 'तिथे आपली ओळख आहे, टूरिस्टवर चालतं' असं उत्तर आलं तर उठा. पकडला जाणारा माणूस तो नसतो.

एक हिशेब घरचाही आहे. नवरा-नवरी आणि बिल दोन्ही महाराष्ट्रातलं असेल तर लग्न फुकेतला झालं म्हणून ती सेवा निर्यात होत नाही. तुम्ही नोंदणीकृत असाल तर नेहमीचा १८ टक्के जीएसटी लावायचा. आपल्याकडचा कर सेवा घेणारा कुठला हे बघतो, थायलंडचं रोजगार खातं हात कुठे चालले हे बघतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

करारात परमिटचं कलम घाला आणि ते मोघम ठेवू नका. परमिटची फी, स्थानिक कंपनीचं सेवाशुल्क आणि आधी पोचण्याच्या रात्री कोण भरणार. टीमची नावं कुठल्या तारखेला गोठणार. लग्नाच्या ६० दिवस आधी ही तारीख सोयीची पडते. एखाद्याचा परवाना नाकारला गेला तर त्याच्या जागी स्थानिक शूटर घेण्याचा अधिकार तुमचा, आणि त्याचा दर आधी ठरलेला. मुख्य शूटरचाच परवाना नाकारला गेला तर ॲडव्हान्समधून फक्त प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून उरलेली रक्कम किती दिवसांत परत करायची, तो आकडाही लिहा.